पडद्यावर दिसतो तो आवाज

फिश फाईंडरच्या पडद्यावर मासे दिसतात, असं बंदरावर सगळेच म्हणतात. गिऱ्हाइकाशी मीही तसंच बोलतो, कारण दुकानात उभ्या असलेल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, तत्त्वज्ञान नको असतं, मशीन चालू झालेलं हवं असतं. पण मशीन उघडून बसलं की मला दर वेळी गंमत वाटते. बोटीच्या तळाला लावलेल्या त्या मुठीएवढ्या ठोकळ्यात कॅमेरा नाही, भिंग नाही, डोळा म्हणावा असं काहीच नाही. आत एक चकती आहे. तिला वीज दिली की ती थरथरते, आणि बाहेरून कोणी थरथरवली की ती वीज देते. ती पाण्यात आपल्याला ऐकू न येणारी एक बारीक किंकाळी सोडते, गप्प बसते आणि वाट बघते. जे परत येतं त्याचे लाल, पिवळे, निळे ठिपके पडद्यावर उमटतात. तांडेल म्हणतो, "बघ, बांगड्याचो थवो." आणि आम्ही सगळे माना वाकवून आवाज बघत बसतो.

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं वायरलेस, जीपीएस आणि फिश फाईंडर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेत विज्ञान बऱ्यापैकी येत होतं, पण पुस्तकात प्रकाशाचा धडा वेगळा आणि ध्वनीचा धडा वेगळा. दोघांची गाठ काही पडत नाही. समुद्रावर ती रोज पडते. पाण्याच्या पृष्ठभागाशी आले की हे दोघे आपापली कामं बदलून घेतात. वर हवेत लांबचं ओळखायचं ते डोळ्यांनी: दीपस्तंभ, किल्ल्याचा तट, पश्चिमेला धरलेलं काळं. खाली पाण्यात लांबचं ओळखायचं ते कानांनी. डॉल्फिनना हे जन्मतः ठाऊक आहे. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढणाऱ्या काही म्हाताऱ्या रापणकरांनाही आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी वेगाचं बघू, कारण सगळी उलथापालथ तिथे आहे. पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. हवेत जवळजवळ तेवढाच. पाण्यात शिरला की सव्वादोन लाखांवर येतो, काचेत दोन लाखांवर, आणि हिऱ्यात सव्वा लाखाच्याही किंचित खाली. ध्वनीचं सगळं उलटं. आपल्याकडच्या उबदार हवेत तो सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास चालतो, पाण्यात दीड हजार मीटर पार करतो आणि पोलादात पाच हजारांच्या वर पळतो. प्रकाशाला पोकळी सर्वांत मानवते, ध्वनीला पोकळीत जगताच येत नाही. सूर्याचा उजेड आठ-साडेआठ मिनिटांत इथे पोचतो, पण तिथे अखंड चाललेल्या खळबळीतला एक हुंकारही आपल्यापर्यंत येत नाही, हे आपलं नशीबच.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड, मग त्यात आवाज जोरात कसा पळतो, असा प्रश्न मला दुकानातल्या पोराने विचारला होता. चांगला प्रश्न आहे. जडपणा आवाजाला मागे ओढतो हे खरंच, पण पाणी दाबायला हवेपेक्षा पंधरा हजार पट कठीण आहे. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. मग पाणी भरून दाबा. जे दबत नाही ते धक्का लगेच पुढच्याला देतं. ओढणाऱ्या जडपणावर ढकलणारा ताठपणा भारी पडतो आणि हिशोब चौपटीच्या वर जातो. प्रकाशाला ताठपणाशी घेणंदेणं नाही. ती विजेची आणि चुंबकत्वाची लाट. ती पदार्थात शिरली की तिथले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात आणि स्वतःच्या लाटा सोडतात, जराशा मागे पडलेल्या. मूळ लाट आणि या मागे पडलेल्या लाटा मिळून जे पुढे सरकतं, ते सावकाश सरकतं.

पाण्यातला आवाजाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलाडाँ आणि स्टुर्म हे ते दोघे. एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवायची. कित्येक किलोमीटर दूर दुसऱ्या होडीत कोलाडाँ एक लांब नळी पाण्यात बुडवून तिच्या टोकाला कान लावून बसलेला. रात्रीच्या अंधारात भडका दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. ८ अंश तापमानाच्या त्या पाण्यात उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर, आणि ते आजच्या मापांच्या अगदी जवळ आहे. मला त्या प्रयोगातली वाटणी आवडते. वरून प्रकाशाने यायचं, खालून ध्वनीने, आणि मधला फरक म्हणजे उत्तर.

माझी मशीन तेच करतात, फक्त दोन्ही होड्या एकाच जागी असतात. आमच्याकडे खोली अजूनही वावात सांगतात. वीस वाव पाणी म्हणजे साधारण छत्तीस मीटर. आवाज खाली जाऊन वर येईपर्यंत सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. पूर्वी याच कामाला दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडत आणि हात पसरून वाव मोजत. मशीनने हात वाचवले. पण मशीनच्या पोटात आवाजाचा वेग कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि तो बहुधा १५०० मीटर असतो. आमचा समुद्र उबदार आणि खारट. अठ्ठावीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात खरा वेग १५४० च्या घरात जातो. म्हणजे प्रतिध्वनी मशीनच्या अपेक्षेपेक्षा लवकर येतो आणि चाळीस मीटर पाणी एकोणचाळीस दिसतं. कोणी तक्रार करत नाही, मीही मुद्दाम सांगत नाही. चूक करायचीच असेल तर पाणी उथळ दाखवणारी करावी, बोट खडकावर जात नाही.

आवाज परत का येतो, हे मात्र मला समजायला वेळ लागला. पाण्याच्या मधोमध त्याला कोणी अडवत नाही. तो परत फिरतो ते हद्दीवर, जिथे एक पदार्थ संपून दुसरा लागतो. दोघांचा जडपणा आणि ताठपणा जुळता असेल तर आवाज फारशी कुरकुर न करता पलीकडे जातो. जितका बेबनाव, तितका परत. चिखलाचा तळ पाण्याशी मिळतंजुळतं घेतो, म्हणून पडद्यावर तो पातळ, फिकट दिसतो. खडक घेत नाही. त्याची रेघ जाड येते, आणि उथळ पाण्यात कधीकधी तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी रेघही उमटते: आवाज खडकावरून वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली गेला आणि पुन्हा वर आला. नवखा माणूस ती दुसरी रेघ बघून चक्रावतो. अनुभवी तांडेल म्हणतो, खडप आहे, जाळं फाटेल.

आणि मासा? माशाचं मांस म्हणजे बहुतेक पाणीच. आवाजाला त्यात विशेष काही वाटत नाही. आवाज अडतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर. पाणी आणि हवा यांच्याइतका बेबनाव क्वचितच कोणात असेल. त्या हद्दीवर आवाजाच्या शक्तीचे हजारातले नऊशे नव्याण्णव भाग माघारी फिरतात. म्हणजे फिश फाईंडरला मासा सापडत नाही, माशाने पोटात बाळगलेला वारा सापडतो. ज्यांच्याकडे ही पिशवी नाही ते पडद्यावर फिके येतात. सुरमईला ती नसते, मुशीला नसते. सुरमईच्या मागे लागलेल्या तांडेलाला "मशीन बरोबर दाखवीत नाय" असं वाटतं त्याचं एक कारण हे. मशीनचा काही दोष नाही, सुरमईकडे सांगण्यासारखा वारा नाही.

याच पिशवीला घोळ माशाच्या बाबतीत बोत म्हणतात आणि तिचा भाव काय असतो ते बंदरावर विचारा. मोठ्या घोळीचं वाळवलेलं बोत परदेशात जातं. मांसाचे पैसे त्यापुढे किरकोळ. घोळ, ढोमा ही सगळी एका कुळातली मंडळी, आणि हे कूळ बोलकं आहे. पिशवीला लागून असलेले स्नायू भराभर आवळून ती पिशवीचा ढोल वाजवतात. विणीच्या दिवसांत थवाच्या थवा वाजायला लागला की आवाज बोटीच्या लाकडातून वर येतो. म्हणजे ज्या वाऱ्याने घोळ जोडीदाराला हाक मारते, तोच वारा माझ्या मशीनला तिचा पत्ता देतो आणि त्याचीच किंमत व्यापारी मोजतो. एका पिशवीवर इतकं ओझं.

हवेचा हा बेबनाव माझ्या धंद्यात रोज आडवा येतो. फायबरच्या बोटीला तळात भोक पाडायचं नसेल तर ट्रान्सड्यूसर, म्हणजे तो आवाज सोडणारा ठोकळा, आतल्या बाजूनेच चिकटवता येतो; आवाज फायबरमधून आरपार जातो. पण चिकटवताना मधल्या लांबीत (पुटीत) एक बुडबुडा राहिला की संपलं. मशीन चालू, पडदा चालू, आणि खाली सगळं कोरं. लाकडाच्या बोटीत हा उपाय चालतच नाही, लाकडाच्या रेषारेषांत हवा असते. बोट वेगात असताना तळाखालून फेस गेला तरी तेच. पत्नीच्या वेळी सोनोग्राफीला गेलो होतो, तेव्हा भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी वाचत मी बसलो होतो. डॉक्टरांनी पोटावर थंडगार जेली लावली आणि मला एकदम ओळखीचं वाटलं. अरे, ही तर आमची लांबी! कातडी आणि यंत्र यांच्यात हवेचा पापुद्रा राहू नये म्हणून. घराणंही एकच आहे. दाब दिला की वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले, पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी त्यांचा उपयोग पाणबुड्या शोधायला केला, आणि १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी पोटातल्या बाळाची चित्रं छापली. त्यांनी सुरुवात केली ती धातूतल्या चिरा शोधणाऱ्या यंत्रावर. फरक कंपनांचा. माझी मशीन सेकंदाला पन्नास हजार किंवा दोन लाख कंपनांवर चालतात, दवाखान्यातलं काही दशलक्षांवर. कंपनं जितकी जास्त तितकी लाट आखूड आणि चित्र बारीक, पण आवाज लवकर विरतो. दोन लाखांवर पाण्यातली लाट पाऊण सेंटीमीटरची, पन्नास हजारांवर तीन सेंटीमीटरची. खोल पाण्यात जाणाऱ्याला मी पन्नासवर ठेवायला सांगतो. सगळं स्पष्टही हवं आणि खोलही हवं, असं मागणारं गिऱ्हाईक मिळतंच. त्याला चहा पाजायचा.

आता प्रकाशाकडे. पाण्यात तो हळू होतो, एवढ्याने बिघडलं नसतं, पण तिरका शिरताना तो वळतो. किती वळतो याचा नियम बगदादच्या इब्न साह्ल यांनी ९८४ च्या सुमारास लिहिला होता, आणि युरोपात तो १६२१ मध्ये स्नेल यांना पुन्हा सापडला. माझ्या आजोबांनी दोघांचीही नावं ऐकली नव्हती. खाडीच्या उथळ पाण्यात काठीला अणकुची लावून मासे मारायला मला नेत, तेव्हा एकच सूचना असे: "मासो दिसता थंय नसता. खाली मार." वरून बघताना चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर दिसतो, आणि तिरकं बघितलं तर त्याहून वर. मारायचं ते दिसणाऱ्या माशाच्या खाली. काठी अगदी उभी धरली, बरोबर डोक्यावरून बघितलं, तर मासा दिसतो त्याच रेषेत असतो, फक्त जास्त खोल. पण बरोबर डोक्यावर जाईपर्यंत मासा थांबतो कशाला.

वळण्यापेक्षा मोठं नुकसान रंगांचं. पाणी तांबडा उजेड आधी गिळतं. काही मीटर गेलं की तांबडं मातकट होतं, मग काळपट. मालवणात दिवाळीनंतर स्कूबासाठी येणारी मंडळी फोटो बघून हिरमुसतात, सगळं हिरवट का आलं म्हणून. अंदमानला निळं येतं. आमचं किनाऱ्याचं पाणी जिवंत आहे, त्यात सूक्ष्म वनस्पती आहेत, नद्यांनी आणलेला पाचोळ्याचा अर्क आहे. हे सगळं निळा उजेड खातं, तांबडा पाणी खातं, आणि उरतो हिरवा. पावसाळ्यात तर नद्या जांभ्याची माती आणून ओततात, तेव्हा वाव-दोन वाव खाली हात पुढे धरला तर दिसत नाही.

समुद्राच्या निळाईचा किस्सा आपल्या किनाऱ्यावर येऊन संपतो, म्हणून सांगतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले सांगून गेले होते. रामन यांनी खिशातला निकोल प्रिझम काढला आणि पृष्ठभागावरून परतणारी चमक छाटून टाकेल अशा कोनातून पाण्याकडे पाहिलं. आभाळ गेलं, तरी निळा राहिला, उलट गडद झाला. रंग पाण्याचाच होता, आत शिरून विखरून आलेल्या उजेडाचा. बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी त्याबद्दलचं टिपण 'नेचर'ला धाडलं. त्याच विचाराचा पाठपुरावा करत ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत पोचले. आज त्या निकोल प्रिझमचं काम पोलरॉईड गॉगल करतो. रापणीचा थवा बघायला किनाऱ्यावर उंचावर उभा राहणारा माणूस पूर्वी कपाळावर हात धरून पाण्याचा रंग बघायचा. आता आमच्या भागात अशा काहींच्या डोळ्यांवर गॉगल असतो. पोरं त्यांना हिरो म्हणून चिडवतात. वरची चमक गेली की पाण्याच्या पोटातला थव्याचा काळसर डाग साफ दिसतो. शौक नाही तो.

माझ्या वायरलेसच्या लहरीही प्रकाशाच्याच गोतातल्या, फक्त लांबलचक. जांभ्याची भिंत, माडाच्या झावळ्या, पावसाची सर, यांना त्या फारसं जुमानत नाहीत, जिथे साधा उजेड अडतो. पण खाऱ्या पाण्यात त्या काही सेंटीमीटरांत मरतात, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि लहर त्यातच जिरते. पाणबुडीला निरोप द्यायचा तर अतिशय लांब लहरी वापराव्या लागतात, आणि त्यासाठी अवाढव्य अँटेना. भारतीय नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत विजयनारायणमला आहे. बोटी एकमेकींना हाक मारतात त्या माझ्या वायरलेसवरच्या चॅनल सोळाला तिथे कोण विचारतो.

पाण्याच्या पृष्ठभागाची सर्वांत विलक्षण गोष्ट मला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी पोहताना कळली. डोकं पाण्याखाली घातलं की होडीतल्या माणसांची बडबड कापल्यासारखी थांबते. ती हवेतूनच परत गेलेली असते. आवाज हवेतून पाण्यात जाताना वेगवान होतो, म्हणून तो जवळजवळ सरळ खाली आला तरच त्याचा थोडा अंश आत शिरतो. उभ्या रेषेपासून तेरा अंशांपेक्षा जास्त कललेला सगळाच्या सगळा परततो. प्रकाशाचं कुलूप उलट्या बाजूला. त्याला आत यायला मोकळीक, बाहेर पडताना बंधन. खालून वर येणारा किरण उभ्या रेषेपासून साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांपलीकडे कलला की बाहेर पडू शकत नाही. म्हणून खालून वर बघणाऱ्या माशाला अख्खं आभाळ, किनारा, माड, माणसं, सगळं डोक्यावरच्या एका गोल झरोक्यात मावलेलं दिसतं. झरोक्याच्या बाहेर नुसता आरसा, त्यात तळ.

तिथे खाली शांतता असेल असं वाटतं, पण खडकांजवळ चुलीवर लाह्या फुटाव्यात तसा अखंड तडतडाट असतो. तो एका बोटाएवढ्या कोळंबीचा. तिची एक नांगी दुसरीहून फार मोठी असते, ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटतो तेव्हा हा आवाज होतो. नांगी आपटल्याने नव्हे, हे २००० साली वेगवान कॅमेऱ्यांनी सिद्ध झालं. दुसऱ्या महायुद्धात याच तडतडाटाने पाणबुड्या ऐकणाऱ्यांची डोकी उठवली होती. मी कितीही प्रयत्न केला तरी तो कुठून येतो ते कळत नाही. हवेत दोन्ही कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून आपण दिशा ओळखतो. पाण्यात वेग चौपट झाला की तो फरक चौथाईवर येतो, शिवाय आवाज कवटीतूनच आत शिरतो. सगळीकडून ऐकू येतं, म्हणजे कुठूनच नाही. आपला कान हवेसाठी घडला आहे. कानाच्या आत खोलवर पाणीच असतं, आणि हवेतला आवाज त्या पाण्यात उतरवायला मधल्या कानाला तीन हाडांची खटपट करावी लागते: मोठ्या पडद्यावरचा दाब पंधरा-वीस पट लहान खिडकीवर आणून. एवढी सोय घेऊन जन्मलो आणि पाण्यात उतरलो की ती बिनकामाची.

वर हवेत मात्र दोघांचं एका बाबतीत पटतं. प्रकाश असो वा ध्वनी, वाकायचं ते जिथे आपण हळू होतो त्या बाजूला. आणि हवेत दोघेही थंडीत हळू होतात. जत्रांच्या दिवसांत थंडीच्या निरभ्र रात्री जमीन आणि तिच्यालगतची हवा गारठते, वरची हवा उबदार राहते. वर निघालेला आवाज वाकून खाली येतो, आणि खाडीपलीकडच्या देवळातला दशावतार अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतो, पायपेटीसकट. दुपारी वाळू तापली की थर उलटे होतात. आवाज वर वळून डोक्यावरून निघून जातो, समोरच्या माणसाला हाक पोचत नाही. त्याच तापलेल्या हवेत प्रकाशही वर वळतो आणि वाळूवर पाणी दिसतं. मृगजळ आणि न पोचलेली हाक ही एकाच गरम थराची दोन कामं आहेत, हे लक्षात आल्यापासून मी दुपारी किनाऱ्यावर ओरडत नाही, फोन करतो. (दशावतारातल्या मृदंगावरूनही रामन आठवतात. मधल्या शाईमुळे मृदंग-तबल्यातून सुरेल स्वर कसे निघतात, यावर त्यांनी १९२० साली लिहिलं होतं. हा माणूस जिथे तिथे आधीच पोचलेला असतो.)

सूर्यास्ताला किनाऱ्यावर गर्दी होते, तिच्याविषयी थोडक्यात. सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा हिशोबाने जवळजवळ अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. खालच्या दाट हवेत वाकून आलेला उजेड त्याला वर धरतो, आणि खालच्या कडेला जास्त उचलतो म्हणून तो चपटा दिसतो. दोन मिनिटांहून थोडा जास्त उधारीचा सूर्य. फोटो छान येतात.

पाणी आणि उजेड यांच्यावरून आमच्या किनाऱ्यावर भांडणंही झाली आहेत. जनरेटरवर चालणारे मोठे एलईडी दिवे पाण्यावर आणि पाण्यात सोडायचे, उजेडाला सूक्ष्म जीव जमतात, त्यांना खायला छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे, सोबत म्हाकूल, आणि सगळं एकदम जाळ्यात. पाण्यातले दिवे पुष्कळदा हिरवे असतात, कारण आमच्या पाण्यात हिरवाच लांब जातो. रामन यांचं शास्त्र बाजारात असं उतरतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री समुद्रावर नको तिथे झगमगाट दिसतो आणि सकाळी रापण रिकामी येते. माझ्याकडे अशा दिव्यांच्या वायरिंगसाठी माणसं येतात, मी करत नाही. मोठेपणा सांगत नाही. फिश फाईंडर मी विकतोच, आणि तेही काही गरीब यंत्र नाही. पण मला फरक वाटतो. आवाज सोडणारा निदान विचारतो, कोणी आहे का. दिवा बोलावतो, आणि पिल्लांनाही बोलावतो.

याच विषयावर परवा एक रापणीवाले आजोबा दुकानात बसले होते. नातवाचा सेट दुरुस्तीला आणला होता. पडद्याकडे संशयाने बघत म्हणाले, "तुझ्या यंत्राचो आवाज मासो आयकता काय रे?"

मी सांगितलं, बांगडा, घोळ यांच्या कानांच्या फार वरचा आहे तो, त्यांना पत्ता लागत नाही. डॉल्फिनला लागतो, पन्नास हजार कंपनं त्याच्या सहज आवाक्यात. बोटीचं इंजिन मात्र सगळ्यांना ऐकू जातं, कोसांवर.

"आणि वल्ह्या?"

वल्ह्याचाही जातो, मी म्हणालो, लाकूड होडीच्या कडेला घासलं तरी जातो, पाण्यात आवाज लपत नाही. मला वाटलं, म्हातारबुवा नाराज होणार. त्यांची सगळी भिस्त बिनआवाजाच्या होडीवर.

ते हसले. "जातलोच. म्हणान तर बोय धरताना आमी जाळ्या लावतंव एका बाजूक आणि दुसऱ्या बाजूसून पाण्यार वल्ह्या आपटतंव. मासो भियान थंयच जाता." मग सेटकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याचे किती झाले ता सांग."